चैत्रातलं पुणं पायी बघताना पायात काय घालावं

कसबा गणपती, जोगेश्वरी, दगडूशेठ, तुळशीबागेतला राम, सारसबागेचा गणपती आणि शेवटी पर्वती. मार्चअखेरच्या एका दिवसाच्या या फेरीत पायातलं सहा वेळा काढावं लागलं. जुनं पुणं पायी बघायला येणाऱ्यांनी चपला-बूट निवडताना पहिला हिशेब हाच करावा, चालायचं अंतर नंतर मोजावं. नाडीचे बूट चालायला उत्तम असतात, पण चप्पल स्टँडच्या गर्दीत एका पायावर उभं राहून नाडी सोडायची-बांधायची म्हणजे कसरत. तिसऱ्या देवळापासून माणूस नाडी ढिली ठेवून चालायला लागतो. मग टाच आत वर-खाली घासते आणि तिथेच फोड येतो.

सुरुवात सकाळी लवकर, मेट्रोच्या कसबा पेठ स्थानकापासून केली. तिथून कसबा गणपती आणि शनिवारवाडा जवळच आहेत. वाडा 1732 मधला. 1828 च्या आगीत आतल्या इमारती गेल्या, त्यामुळे आत बघायची ती जोती, हिरवळ आणि तटबंदी. तटावर चढायच्या दगडी पायऱ्या उंच आहेत, आणि वर्षानुवर्षांच्या वर्दळीने त्यांच्या कडा गुळगुळीत झाल्या आहेत. चामड्याच्या सपाट तळाची चप्पल इथे सटकते. रबरी, खाचांचा तळ हवा.

या फेरीला सर्वांत सोयीचे ठरतात ते मागे पट्टा असलेले फ्लोटर. वेल्क्रो हवा, बक्कल नको. तळ निदान दोन सेंटिमीटर जाड असावा, कारण दुपारचा डांबरी रस्ता आणि फरशी पातळ स्लिपरमधून पायाला जाणवते. घेताना सँडल हातात धरून वाकवून बघा. चवड्याखाली वाकली तर ठीक, मधोमध दुमडली तर परत ठेवा, तासाभरात तळपाय दुखेल.

खरेदीला संध्याकाळी जा. दिवसभर चालून आणि उकाड्याने पाय थोडे सुजतात. सकाळी बरोबर बसलेली जोडी चारनंतर करंगळीला दाबते. दोन्ही पाय घालून बघा, मोठा असेल त्या पायाचं माप धरा, आणि बूट असेल तर पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा सोडा.

कोल्हापुरीबद्दल जरा सविस्तर, कारण लक्ष्मी रोडला ती दिसली की घ्यावीशी वाटतेच. जरूर घ्या, पण त्याच दिवशी घालून फिरू नका. नवी कोल्हापुरी चावते, आणि तीही ठरलेल्या दोन जागी: अंगठ्याच्या बेचक्यात आणि पावलावरच्या पट्ट्याच्या कडेला. पट्ट्यांना आतून तिळाचं किंवा खोबरेल तेल बोटाने चोळून रात्रभर ठेवा, मग आठ-दहा दिवस घरात रोज अर्धा तास वापरा. तेल थापू नका, चामडं सैल पडून पाय पुढे सरकायला लागतो. एप्रिलमध्ये संध्याकाळी वळीव आला तर ती काढून पिशवीत टाका. भिजलीच तर कागदात गुंडाळून सावलीत वाळवा, उन्हात ठेवली की तळाचे थर वाकडे होऊन सुटतात.

तुळशीबाग आणि मंडईत वेळ जातो, पण चाल संथ, त्यामुळे पायाला त्रास कमी. सांभाळायचं ते पेव्हर ब्लॉक. बरेच हलतात, आणि उंच टाचेची चप्पल त्यांच्या फटीत अडकून घोटा मुरगळतो. पावलं गर्दीत तुडवली जातात, म्हणून पुढून बंद असलेली सँडल इथे जास्त बरी.

दुपारी बारा ते चार सावलीत काढा. विश्रामबागवाडा आणि केळकर संग्रहालय त्यासाठीच. सारसबाग आणि पर्वती ऊन उतरल्यावर. पर्वतीच्या 103 पायऱ्या रुंद आणि उतरत्या आहेत. चढताना दम लागतो, पण पायाची परीक्षा उतरताना होते: पाऊल पुढे सरकतं आणि बोटं टोकावर आपटतात. मागचा पट्टा जरा घट्ट करूनच उतरा, नखं आदल्या दिवशीच कापलेली असू द्या. वरच्या देवळाच्या फरशीवर उन्हाच्या वेळी अनवाणी चटके बसतात, तेव्हा एक जोड पातळ मोजे जवळ ठेवा.

बूटच घालणार असाल तर जाळीचे घ्या, आणि मोजे निव्वळ सुती नकोत. सुती मोजा घाम धरून ठेवतो, ओली कातडी लवकर सोलते. दुपारी मोजे बदला. कुठे नुसतं चुरचुरायला लागलं की लगेच मायक्रोपोर टेप (औषधाच्या दुकानातली कागदी चिकटपट्टी) लावा, फोड आल्यावर तिचा उपयोग फारसा नाही.

कपाटात दोन-तीन वर्षं पडून असलेली जोडी काढून निघू नका. पीयूचा (पॉलियुरेथेन या हलक्या फोमचा) तळ न वापरताही आतून कुजतो आणि रस्त्यात भुगा होऊन गळतो. चिकटवलेला तळ उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत सुटतो. निघण्याच्या आठवडाभर आधी चपला शिवणाऱ्याकडून कडेने टाके मारून घ्या. नुसतं सोल्यूशन लावून दिलं तर या उन्हात ते पुन्हा सुटतं.