तव्याचं भाडं : आमच्या पोळी-भाजी केंद्राची वाटचाल

"एका पोळीत पीठ असं कितीसं जातं हो, की दहा रुपये घेता?" सदाशिव पेठेतलं गिऱ्हाईक हा प्रश्न विचारतंच, आणि त्याचा पिठाचा हिशेब बरोबर असतो. एक किलो कणकेला ६०० ते ६५० मिलिलिटर पाणी, मीठ, दोन चमचे तेल. वीस-पंचवीस मिनिटं मुरवली की ४० ग्रॅमचे ४० गोळे निघतात. पीठ ४० रुपये किलो धरलं तर एका पोळीत रुपयाचं पीठ. तेल-गॅसचा आणखी रुपया. उरलेले ८ रुपये कशाचे, हे आम्हालाही सुरुवातीला नीट सांगता येत नसे.

पहिल्या वर्षी एक तवा होता. घडीची पोळी तव्यावर साधारण एक मिनिट असते, म्हणजे तासाला ६० ही कमाल. एकाच मावशी लाटणार आणि भाजणार असतील, तर ४० होत. दुसऱ्या मावशी आल्या आणि साठाचा आकडा गाठला. मागणी वाढली म्हणून तिसऱ्या आल्या, तरी साठच! लाटलेल्या पोळ्या परातीत वाट बघत राहिल्या, वाळल्या, भाजताना वातड झाल्या. अर्थशास्त्रात याला घटत्या उत्पादनफलाचा नियम म्हणतात. पगार एकाचा वाढला, पोळी एकही वाढली नाही. अडचण हातांची नव्हती, तव्याची होती. चार पोळ्या बसतील असा मोठा तवा घेतला, तेव्हा कुठे तिसऱ्या मावशींचा पगार सुटू लागला. मोठ्या तव्याचंही एक पथ्य आहे: तो तापायला पंधरा मिनिटं लागतात, मग त्यावर दहा पोळ्या करा नाहीतर दोनशे. म्हणून दहाची ऑर्डर आजही लहान तव्यावर.

पुरणपोळीत आम्ही सपशेल चुकलो. किलो हरभरा डाळ, किलो गूळ, वेलची-जायफळ. यात साधारण २.८ किलो पुरण होतं, ८० ग्रॅमच्या हिशेबाने ३५ पोळ्या. (उलथनं पुरणात उभं राहिलं पाहिजे. डाळीत पाणी राहिलं तर पोळी लाटतानाच फुटते, आणि फुटलेली पोळी कुणी विकत घेत नाही.) पुरण, पारी, तूप, गॅस सगळं धरून एका पोळीला ८ रुपये खर्च. दर रविवारी २५ रुपयांना विकत होतो आणि १७ रुपये सुटतात म्हणून खूश होतो.

पण पुरणपोळी मंद आचेवर तीन मिनिटं तव्याची जागा अडवते. तेवढ्यात तीन साध्या पोळ्या झाल्या असत्या, प्रत्येकी ८ रुपये सोडणाऱ्या. म्हणजे २४ रुपये सोडून १७ कमावत होतो, आणि साध्या पोळ्यांचं गिऱ्हाईक समोर उभं असताना 'संपल्या' म्हणत होतो. हा संधी-खर्च. तो वहीत कुठेच लिहिलेला नसतो, म्हणून दिसत नाही. होळीच्या दुपारी गंमत उलटी: साधी पोळी कुणी मागतच नाही, त्यामुळे तव्याचं हे भाडं जवळजवळ शून्य. रविवारी तोट्याचा असलेला २५चा भाव त्या दिवशी परवडतो. आता पुरणपोळी सणाला, नाहीतर आदल्या दिवशी सांगून, ३५ रुपयांना.

डाळीचा कट मात्र फुकट हाती येतो. कटाच्या आमटीत डाळीचा खर्च धरायचा नाही, फक्त मसाला, चिंच आणि फोडणी. दोन्हीकडे डाळ लावली तर आमटी उगाच महाग दिसते आणि मग कट मोरीत जातो.

कांद्याने वेगळा धडा दिला. ८ डिसेंबर २०२३ला केंद्र सरकारने कांद्याची निर्यात थांबवली आणि भाव उतरले. स्वस्तात मिळाला म्हणून मार्केट यार्डातून ५० किलोची चार पोती उचलली. पण तो खरिपाचा लाल कांदा, पाणी जास्त, मान जाड. तो टिकत नाही. तीन आठवड्यांत कोंब आणि सड. कांदा साठवायच्या चाळीत महिनोन्‌महिने राहतो तो उन्हाळी कांदा. लाल कांदा शेतकऱ्यालाही धरून ठेवता येत नाही, मिळेल त्या भावाला विकावाच लागतो, म्हणून त्याचा भाव असा आपटतो. आणि महागला, तरी रश्शातून आम्हाला तो काढता येत नाही. कोशिंबिरीत तेवढी कोबी चालून जाते.

राहिली रात्रीची भाजी. नऊला उरलेल्या भाजीवरचा खर्च होऊन गेलेला असतो, त्यामुळे निम्म्या भावात गेली तरी तो पैसा वरचाच, हे पुस्तकात बरोबर आहे. आम्ही महिनाभर तसं केलं. दुसऱ्या आठवड्यापासून साडेआठचं गिऱ्हाईक नऊला येऊ लागलं, पिशवी घेऊन, घड्याळ बघत. आता सवलत बंद. साडेसातनंतर भाजीची पातेली पाच किलोची नव्हे, दोन किलोची चढतात, आणि कधी कधी पावणेनऊला भाजी संपते. मग बोलणी खावी लागतात.