पेनरिन मॉरची भरती

वेल्समध्ये अँगलसीला लागून होली आयलंड आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पेनरिन मॉरच्या खडकांना वळसा घालून भरतीचं पाणी उत्तरेकडे धावतं. उधाणाच्या दिवसांत ही धार पाच-सहा नॉटांवर, म्हणजे ताशी नऊ-अकरा किलोमीटरवर जाते. त्यात समोरून उत्तरेचा वारा आला की लाटा उभ्या चढतात आणि तिथल्या तिथे फुटत राहतात. कयाक म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी; पट्टीचे कयाकवाले मुद्दाम हीच वेळ साधून येतात.

त्या दिवशी सहा कयाक पोर्थ दावार्खच्या खाडीतून निघाल्या. मी फोटो काढायला जमिनीवरून चालत पोचलो. कड्यावरून टिपलं तर केवढीही लाट चपटी दिसते, म्हणून पाण्यापासून दोनेक पुरुष उंचीवरचा कोरडा खडक धरला. फेसाचा पांढरा रंग जळू नये म्हणून एक्स्पोजर जरा खाली, शटर १/१६००. ऑटोफोकस फेसालाच चिकटतो. तो हेल्मेटवर धरून ठेवायचा आणि दर थोड्या वेळाने काच पुसायची.

लाटेच्या पोटात माणूस गेला की नुसतं वल्ह्याचं पातं दिसतं. त्यामुळे मी सतत डोकी मोजत असतो. एकदा पाचच भरली. पलीकडे लाल कयाक उलटी होती आणि तिची मालकीण एका हाताने तिची दोरी धरून पोहत होती. पाण्याच्या पातळीवरून बाकीच्यांना ती दिसतच नव्हती. मी कॅमेरा सोडला, व्हीएचएफ रेडिओवर त्यांच्या म्होरक्याला सांगितलं, "लाल कयाक उलटली आहे, तुमच्या उत्तरेला, बाहेरच्या बाजूला," आणि ती दिसेनाशी होऊ नये म्हणून तिच्यावरची नजर हलवली नाही. एवढ्या धारेत माणूस मिनिटाला दीडशे मीटर वाहून जातो.

म्होरक्या पोचला. त्याने तिच्या कयाकचं टोक स्वतःच्या कयाकवर आडवं ओढून पाणी ओतलं, मग कयाक सरळ करून शेजारी घट्ट धरली. ती मागच्या बाजूने पोटावर सरकत वर चढली. तेव्हा मी पुन्हा कॅमेरा उचलला. दोघांची बोटं एकमेकांच्या कयाकच्या दोरीत रुतलेली, मागे भिंतीसारखी लाट. लाटांवरून उडणाऱ्या कयाकचे फोटो सगळ्यांना आवडतात, पण या खेळाचा खरा कस मला इथे दिसतो.

खडकाआडच्या शांत पाण्यात दम घेऊन ती परत धारेत शिरली. तिचे पुढचे फटके आधीपेक्षा आखूड आणि नेमके होते. पाणी मंदावेपर्यंत मी तिच्यावरच लेन्स धरली.