क्लॅम्पचे स्क्रू: केस हार्डनिंगचा टप्पा पूर्ण

टोकं कडक आणि आटे चिवट, असे स्क्रू अखेर जमले. केस हार्डनिंग म्हणजे फक्त वरचा थर कडक करायचा, आतला गाभा चिवटच ठेवायचा. माल साधं एम. एस. (माइल्ड स्टील, म्हणजे कमी कार्बनचं मऊ पोलाद), कार्बन ०.२ टक्क्यांच्या आसपास. नुसतं तापवून पाणी दिलं (म्हणजे लाल असतानाच पाण्यात बुडवून झटकन गार केलं) तर हे फारसं कडक होत नाही, म्हणून आधी पृष्ठभागात कार्बन मुरवायचा.

जाड पत्र्याच्या डब्यात लाकडी कोळशाची बारीक खडी भरली, त्यात वजनाच्या १० टक्के सोडियम कार्बोनेट. बेरियम कार्बोनेट जोरदार चालतं, पण ते विषारी. घरच्या वर्कशॉपमध्ये नकोच. (सायनाइडच्या क्षारांचं तर नावही काढू नका.) झाकणाच्या कडा फायरक्लेने लिंपल्या. कार्बन पोलादापर्यंत पोहोचवतो तो डब्यातला कार्बन मोनॉक्साइड, आणि तो थोडाफार बाहेर येतोच. त्यामुळे भट्टी उघड्यावर किंवा भरपूर हवा खेळती असेल तिथेच लावा.

९२५ अंश सेल्सियसवर चार तासांत साधारण १.२ मिमी खोलीपर्यंत कार्बन उतरतो. खोली दुप्पट हवी असेल तर वेळ चौपट लागतो, म्हणून त्याहून जास्तीच्या मागे लागलो नाही.

आता माझा आग्रहाचा मुद्दा: डबा उघडून लाल जॉब थेट पाण्यात टाकू नका. डबा बंदच ठेवून सावकाश गार होऊ द्या. कार्बन मुरला तरी जॉब अजून मऊच असतो आणि लेथवर छान कापला जातो. आट्यांच्या भागावर मी व्यासात ३ मिमी माल जादा ठेवला होता. तो आता उतरवला, म्हणजे कार्बनचा थरही गेला, आणि मग आटे पाडले. त्यानंतर ७८० अंशांपर्यंत पुन्हा तापवून पाणी दिलं. चुंबक चिकटायचं थांबतं ते ७७० च्या सुमारास, त्याच्या किंचित वर. लगेच १८० अंशांवर तासभर टेम्परिंग, म्हणजे ठिसूळपणा कमी करायला हलकं तापवणं.

टोकावर कानस सरळ घसरते, आट्यांवर चावते. सोबत ठेवलेली नमुन्याची पिन व्हाइसमध्ये धरून मोडली: कडेला राखाडी, रेशमासारखं बारीक कडं, आत खरखरीत तंतुमय गाभा. दुसरी पिन ९२५ वरूनच थेट विझवली होती, तिच्या कड्यात कण ठळक चमकताना दिसतात, म्हणजे कण मोठे झाले आणि कडं ठिसूळ. दोन्ही शेजारी ठेवून भिंगातून जरूर पाहा.

नायट्रायडिंग (पृष्ठभागात कार्बनऐवजी नायट्रोजन मुरवणं) ५०० ते ५५० अंशांवरच होतं, जॉब वाकतही नाही, पण त्याचा खरा फायदा क्रोमियम किंवा अॅल्युमिनियम असलेल्या पोलादात, एम. एस. साठी उपयोग कमी. पुढचा जॉब ईएन ८ (मध्यम कार्बनचं पोलाद) चा लांब शाफ्ट. त्यात कार्बन मुळातच ०.४ टक्के, त्यामुळे डबा नको, टॉर्चनेच फ्लेम हार्डनिंग, म्हणजे ज्योतीने वरचा थर तापवून लगेच पाणी देणं, करणार आहे.