खुराडं, दुसऱ्यांदा

पहिलं खुराडं मी षटकोनी कोंबडीजाळीचं केलं होतं. एका रात्रीत तीन कोंबड्या गेल्या. सकाळी पाहिलं तर जाळीला मुठीएवढं भगदाड. तेव्हा कळलं, ती जाळी कोंबड्यांना आत ठेवते, मुंगसाला बाहेर नाही.

आता अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी आहे. यू-खिळे पुरेसे नाहीत. वरून लाकडी पट्ट्या स्क्रूने आवळल्यात. उकरणाऱ्यांसाठी तीच जाळी भिंतीपासून बाहेर दोन फूट जमिनीवर आडवी पसरून वर माती टाकली. उकरणारं जनावर भिंतीच्या अगदी कडेलाच सुरुवात करतं आणि जाळीवर अडतं. खोल चर खणण्यापेक्षा माझ्या कमरेला हे परवडलं.

थंडीत मात्र मी शहाणपणा केला. सगळ्या फटी गोणपाटानं बुजवल्या. चार दिवसांत दार उघडलं की डोळे चुरचुरायचे. विष्ठेतला अमोनिया आणि कोंबड्यांच्या श्वासातली वाफ, दोन्ही आतच कोंडलेलं. थंडी त्या पिसं फुगवून सोसतात, ओल आणि कोंदट हवा नाही सोसत. आता छपराखाली दोन समोरासमोरच्या बाजूंना वीतभर उंचीची जाळीदार फट कायम उघडी असते. बसायची दांडी तिच्याहून बरीच खाली, म्हणजे वारा डोक्यावरून जातो.

दाराला कडी आणि तिच्यात अडकवायचा हूक, दोन्ही. ते लावायला विसरणारा मीच, त्यावर अजून उपाय सापडलेला नाही.