बाईंची कात्री

नववीत माझ्या इंग्रजी निबंधाखाली बाईंनी लाल शाईने दोनच शब्द लिहिले होते: ‘नॉट कोहिअरंट’. मला वाटलं, अक्षर लागत नाही म्हणतायत. घरी जाऊन अख्खा निबंध वळणदार अक्षरात, समास सोडून पुन्हा उतरवला. दुसऱ्या दिवशी बाईंनी तो पाहिला, पर्समधून कात्री काढली आणि एकेक वाक्य कापून माझ्या त्या देखण्या कागदाच्या चौदा पट्ट्या केल्या. पोटात कालवाकालव झाली.

पट्ट्या पिसून त्यांनी शेजारच्या मुलाला दिल्या. “लाव आणि वाच.” त्याने मनाला येईल तशा लावल्या. निबंध बिघडला नाही. खरं सांगायचं तर जरा सुधारलाच.

“कसाही लावला तरी चालतो ना? म्हणजे वाक्यं शेजारी बसलीत, एकमेकांना धरून नाहीत,” बाई म्हणाल्या.

मग शब्दाची फोड. लॅटिनमध्ये ‘को’ म्हणजे एकत्र आणि ‘हेरेरे’ म्हणजे चिकटणं. डिंकाला म्हणतात तो ‘अ‍ॅडहिसिव्ह’ याच घराण्यातला. ‘हेझिटेट’सुद्धा, कारण कचरणारा माणूस जागीच चिकटतो! आपल्याकडे मात्र अशा लेखनाला सुसूत्र म्हणतात. त्यांना डिंक दिसला, आपल्याला दोरा. मला दोराच जास्त पटतो, कारण त्याचं टोक कुठे आहे ते कळतं.

पुढच्या निबंधात मी चेव आल्यासारखा डिंक ओतला. दर ओळीला ‘देअरफोर’, दर ओळीला ‘हाउएव्हर’. बाईंनी फळ्यावर लिहिलं: मला कुत्रा आवडतो. कुत्र्याला शेपूट असते. शेपूट धूमकेतूलाही असते. धूमकेतू सूर्याभोवती फिरतो. प्रत्येक वाक्याने पुढच्याचा हात धरलाय, पण वरात निघालीय कुठे? नुसत्या हात धरण्याला ‘कोहीजन’ म्हणतात, ‘कोहिअरन्स’ त्यापुढचा, हे त्या दिवशी कळलं.

कॉलेजात हा शब्द भौतिकशास्त्रात भेटला. १९६० साली थिओडोर मेमन या अमेरिकी शास्त्रज्ञाने पहिला लेसर चालवून दाखवला, त्या प्रकाशाचं विशेषणही हेच. साध्या दिव्याच्या लाटा मधल्या सुट्टीतल्या पोरांसारख्या, ज्याची त्याची धाव वेगळी. लेसरच्या लाटा कवायतीसारख्या, पावलाला पाऊल जुळवून. मला ते फार लांबचं वाटलं नाही.

तरी नोकरीत मी ठेच खाल्लीच. ‘दोन सह्या कोहिअरंट नाहीत’ असं लिहून मोकळा झालो. सह्या जुळतात की नाही, यासाठी ‘कन्सिस्टंट’ हवा. कोहिअरंट असते ती मांडणी, हकिकत, युक्तिवाद. माणूसही असतो: तापात बरळणारा किंवा हुंदक्यांमुळे धड बोलता न येणारा ‘इनकोहिअरंट’. आणि कोहिअरंट म्हणजे खरं, असंही नाही. सहलीच्या दुसऱ्या दिवशी दांडी मारल्याची माझी सबब सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोहिअरंट होती. बाईंनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि शाबासकी देऊन वर्गाबाहेर उभं केलं.

स्मरणिकेसाठी हे पान लिहिलं, तेव्हा आधी प्रिंट काढून कात्री चालवली. सगळ्या पट्ट्या जागेवर बसल्या. एक उरली, बाईंच्या मोडक्या छत्रीबद्दलची. कुठेच लागेना. ती माझ्या खिशात आहे, समारंभाला घेऊन येईन.