तुम्ही ग्रीन कार्ड का घेत नाही?

"मुलगी अमेरिकेची नागरिक झाली, तुम्ही दोघंही निवृत्त. मग कायमचे तिकडेच का जात नाही?" हा प्रश्न आम्हाला ज्येष्ठ नागरिक संघात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, वनाझहून सुटलेल्या मेट्रोत शेजारी बसलेल्या बाईही विचारतात. कोथरूडमध्ये एकदोन घरांआड कुणाचं तरी मूल परदेशात असतं, त्यामुळे नवल नाही. विचारणारे बरेच जण स्वतःही याच विचारात असतात, म्हणून सविस्तर लिहिते.

कायद्याने वाट मोकळी आहे. एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या अमेरिकन नागरिकाला आईवडिलांसाठी ग्रीन कार्डाचा, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज करता येतो आणि या गटाला दरवर्षीच्या संख्येची मर्यादा नाही. मूल नुसतं ग्रीन कार्डवर असेल तर मात्र त्याला आईवडिलांसाठी अर्ज करता येत नाही.

बहुतेकांच्या मनात असतं ते असं: ग्रीन कार्ड घ्यायचं, उन्हाळा तिकडे काढायचा, गणपतीच्या आधी परत यायचं. पण ते कार्ड येण्याजाण्याच्या सोयीसाठी नाही. आपलं घर आता अमेरिकेत आहे, असं आपण त्या सरकारला सांगितलेलं असतं. वर्षाहून जास्त काळ बाहेर राहिलात तर ते सोडून दिलं असं धरलं जाऊ शकतं. त्याहून कमी राहूनही दरवर्षी बहुतेक महिने पुण्यात काढलेत, तर विमानतळावरचा अधिकारी विचारणारच, की तुम्ही नक्की राहता कुठे? ज्यांना दोन्हीकडे पाय ठेवायचा आहे त्यांना दहा वर्षांचा व्हिजिटर व्हिसाच बरा, असं माझं ठाम मत आहे. त्यावर एका वेळी साधारण सहा महिने राहायला मिळतं, आणि परत आल्याबद्दल कुणी जाब विचारत नाही.

पैशाचंही तेच. ग्रीन कार्ड घेतलं की जगभरातल्या उत्पन्नावर अमेरिकेत विवरणपत्र भरावं लागतं. इथलं पेन्शन, ठेवींचं व्याज, आपल्याकडे करमुक्त असलेलं पीपीएफचं व्याजसुद्धा त्यात येतं. भारतातल्या सगळ्या खात्यांत मिळून वर्षभरात कधीही दहा हजार डॉलरच्या वर रक्कम गेली, तर त्याची माहिती वेगळी कळवायची. आयुष्यभर नोकरी केलेल्या माणसाची शिल्लक त्याच्या वर सहज जाते. आमच्या ह्यांनी सगळी पासबुकं टेबलावर मांडून हिशेब केला आणि म्हणाले, "आता ह्या वयात दोन देशांचे सीए सांभाळायचे?"

पण खरा मुद्दा पैसाही नाही. म्हातारपण कुठे घालवायचं असं आपण विचारतो; मी म्हणते, आजारपण कुठे काढायचं ते आधी विचारा.

तिकडे पासष्टीनंतर सरकारी मेडिकेअर मिळतं, पण बाहेरून आलेल्याला आधी ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं तिथे राहावं लागतं. त्यानंतरही, स्वतः किंवा जोडीदाराने तिथे साधारण दहा वर्षं नोकरी करून कर भरलेला नसेल, तर हॉस्पिटलच्या भागासाठीही दरमहा हप्ता असतो. तोवर विमा खासगी घ्यायचा. व्हिजिटर म्हणून गेलात तर प्रवासी विम्यात जुनी दुखणी बहुतेक धरतच नाहीत. फार तर ती अचानक उसळली तर मर्यादित रक्कम देतात. आणि साठीनंतर बीपी, साखर, गुडघे यांतलं काहीच नसलेला माणूस माझ्या तरी ओळखीत नाही.

दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या छातीत रात्री कळ आली. मी लिफ्टपर्यंत पोचेस्तोवर खालच्या मजल्यावरचे भाऊ गाडीची किल्ली घेऊन उभे होते. त्यांच्या पत्नीने मागून फाईल आणून दिली. ती फाईल कुठल्या कपाटात असते हे त्यांना ठाऊक होतं. आमचे फॅमिली डॉक्टर आम्ही पोचण्याआधी हॉस्पिटलशी बोलले होते. निघालं ते पित्त, पण त्या रात्री मला कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. लेकीकडे आम्ही असताना ह्यांची दाढ दुखली, तर तिला अर्धा दिवस रजा टाकावी लागली. ती आनंदाने टाकते. पण दर दुखण्याला तिची रजा खर्ची पडते, हे ह्यांना सहन होत नाही.

दिवसाचंही असंच असतं. तिचं गाव न्यू जर्सीत आहे, टापटीप, झाडांचं, पण गाडीशिवाय दूध आणता येत नाही. मुलं सकाळी सातला बाहेर पडतात. डिसेंबरात साडेचारला दिवे लावावे लागतात. मी गणिताची शिक्षिका, इथे अजून दहावीची चार मुलं माझ्याकडे येतात. वहीतली चूक शोधून झाली की त्यांचे चेहरे कसे उजळतात ते मला रोज बघायचं आहे.

सगळ्यांनी इथेच राहावं असं मात्र मी म्हणणार नाही. माझी एक मैत्रीण यजमान गेल्यावर मुलाकडे गेली, आणि योग्यच केलं. एकुलता मुलगा, इथे भाऊबहीण कुणी नाही, आणि तिथे चालत जाण्याच्या अंतरावर ग्रंथालय. नातवाला ती मराठी वाचायला शिकवते. तिने एक शहाणपणा केला: कोथरूडचा फ्लॅट विकला नाही, भाड्याने दिला, आणि इथली आरोग्य विम्याची पॉलिसी चालू ठेवली. ही पॉलिसी बंद करू नका. सत्तरीत नवीन घेतली तर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

लेक एकदा फोनवर रडत म्हणाली, "आई, तिथे काही झालं तर मी पोचेपर्यंत दीड दिवस जाईल गं." त्याला माझ्याकडे उत्तर नाही. तिचं म्हणणं खरंच आहे. जे करता आलं ते केलं. मृत्युपत्र नोंदवलं, सगळीकडे नॉमिनी तपासले, घराची किल्ली खाली ठेवली, डॉक्टरांचा आणि खालच्या भाऊंचा नंबर तिच्याकडे आहे, आणि रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल चुकत नाही. आमच्यातलं एक मागे राहिलं तर बाणेर-बावधनकडे ज्येष्ठांसाठी बांधलेली संकुलं आहेत. दोन पाहून आलो. तेव्हा कदाचित तिच्याकडेही जाऊ. तो निर्णय ज्याचा त्याने तेव्हा घ्यायचा, असं आम्ही तिघांनी बोलून ठरवलंय.

तुमचं अजून ठरत नसेल तर एकदा थंडीत जाऊन या, जानेवारी-फेब्रुवारीत. नायगारा, न्यूयॉर्क काही नको. मुलं कामाला गेल्यावर घरात एकटे राहा, स्वतः दुकानापर्यंत जाऊन बघा. आणि निघण्याआधी मुलाशी खर्चाचं, विम्याचं, नातवंडं सांभाळण्याचं स्पष्ट बोला. सुनेशी किंवा जावयाशीही बोला, कारण घर त्यांचंही आहे.