जर्मनीत शिकताय? रविवारची टेकडी चुकवू नका

लातूर, नांदेड, परभणीच्या लेकरांना पायी चालायची सवय असते, पण चढाची नसते. आपल्याकडचे औसा, उदगीर, कंधार सगळे भुईकोट. विमानात बसण्याआधी नवे बूट घालून दोनदा तरी देवगिरी चढून या. बुटात अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. नसली तर उतरताना नखं काळीनिळी होतात.

डोकं हलकं करायला आल्प्स लागत नाही. विद्यापीठाच्या गावाजवळची आठ-दहा किलोमीटरची, दोन-तीनशे मीटर चढाची वाट पुरे, मात्र दर आठवड्याला. परीक्षा संपल्यावर एकदाच मोठा ट्रेक करू म्हणणाऱ्यांचा ताण सेमिस्टरभर तसाच राहतो, आणि ट्रेकला गुडघे दुखतात ते वेगळंच.

वेळेचा हिशोब सोपा आहे: पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. दहा किलोमीटर आणि 300 मीटर चढ म्हणजे अडीच तास. नवख्यांनी पावणेचार धरावेत. डिसेंबरात तिकडे चार-साडेचारलाच सूर्य मावळतो, म्हणून दहाच्या आत निघा आणि हेडलॅम्प ठेवा. सेमिस्टर तिकिटावर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या पासवर, लोकल गाड्या चालतात, आयसीईसारख्या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या चालत नाहीत. नकाशा आधीच डाउनलोड करून घ्या. थंडीत मोबाइलची बॅटरी भराभर उतरते, तेव्हा तो आतल्या खिशात ठेवा.

सुती टी-शर्ट नको. घामाने भिजतो, वाळत नाही आणि थांबलात की हुडहुडी भरते. रविवारी तिकडे दुकानं बंद, म्हणून डबा शनिवारीच करा. धपाटे यासाठीच आहेत! सोबत शेंगदाणे-गूळ आणि दीड लिटर पाणी. थंडीत तहान कळत नाही, म्हणून दर अर्ध्या तासाला दोन घोट घ्या.

घरी फोन निघण्याआधीच करा. भारत उन्हाळ्यात साडेतीन, हिवाळ्यात साडेचार तास पुढे असतो. कोणत्या वाटेने जाताय आणि कधी परतणार, हे रूममेटला सांगून ठेवा. फीचा हप्ता, व्हिसा, पार्टटाइम कामाच्या पाळ्या हे विषय वाटेवर नकोत. दोन आठवडे झोपच लागत नसेल, तर टेकडीच्या भरवशावर न राहता विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जा.

आणि गोचीड. मार्चपासून शरदापर्यंत उंच गवतात त्या असतातच. फुल पँट मोज्यात खोचा, परतल्यावर गुडघ्यामागे, काखेत, जांघेत बघा. चिकटलेली दिसली तर आपल्याकडे बैलाला लावतात तसं तेल, रॉकेल लावू नका. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून, न पिळता, सरळ हळूच ओढा. तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल चट्टा पसरत गेला, तर तो लाइम आजार असू शकतो. डॉक्टर वेळेवर अँटिबायोटिक देतात आणि तो बरा होतो. गोचिडीमुळे एक मेंदूज्वरही होऊ शकतो. त्याची लस असते, दक्षिण जर्मनीत राहत असाल तर ती हिवाळ्यातच घेऊन टाका.